सायबरट्रकच्या लाँचमध्ये नेमकं काय हुकलं, आणि पिकअपचं लाँच वाचायचं कसं

प्रश्न असा आहे: टेस्लाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्टिनच्या कारखान्यात सायबरट्रक या आपल्या इलेक्ट्रिक पिकअपच्या पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. चार वर्षं बुकिंग धरून बसलेल्यांची त्या कार्यक्रमाने निराशा का केली? दोष गाडीचा की कार्यक्रमाचा? आणि पुढे कुठल्याही इलेक्ट्रिक पिकअपचं लाँच पाहून पैसे अडकवायचे की नाही, हे कशावरून ठरवायचं?

कार्यक्रमात दिखाव्याची कमतरता नव्हती. अर्ध्या तासाच्या आसपास चाललेल्या त्या प्रकारात दरवाजावर गोळ्या झाडल्याचं चित्रीकरण होतं, पोर्शे ९११ शी शर्यत होती, काचेवर बेसबॉलही फेकून झाला. २०१९ ला गाडी पहिल्यांदा दाखवताना लोखंडी गोळ्याने काच तडकली होती, त्याची ती भरपाई. फक्त किंमत मंचावर सांगितली नाही. ती कार्यक्रमानंतर संकेतस्थळावर दिसली आणि लोकांनी आपापल्या फोनवर वाचली. निराशा झाली ती तिथे. किंमत बोलून दाखवण्यासारखी असती तर ती मंचावरच आली असती. लाँच पाहताना पहिली नोंद करायची ती अशा वगळलेल्या गोष्टींची.

आता आकडे शेजारी ठेवू. २१ नोव्हेंबर २०१९ ला हॉथॉर्नमध्ये गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हा तीन प्रकार जाहीर झाले होते. एका मोटरची गाडी ३९,९०० डॉलरला, रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, २५० मैलांहून जास्त. दोन मोटरची ४९,९०० ला, ३०० मैल. तीन मोटरची ६९,९०० ला, ५०० मैल आणि १४,००० पौंडांहून जास्त ओढण्याची ताकद. पेलोड, म्हणजे गाडीत चढवता येणारं माणसांचं आणि मालाचं वजन, ३,५०० पौंडांपर्यंत, हौदा साडेसहा फुटांचा, उत्पादन २०२१ च्या अखेरीस. २०२३ ला जाहीर झालं ते असं: मागच्या चाकांवर चालणारी गाडी ६०,९९० डॉलर, रेंज २५० मैल, तीही २०२५ मध्ये येणार. दोन मोटरची ७९,९९० डॉलर, ३४० मैल. तीन मोटरची, म्हणजे सायबरबीस्ट, ९९,९९० डॉलर आणि ३२० मैल. ओढण्याची कमाल ११,००० पौंड, पेलोड २,५०० पौंड, हौदा सहा फुटांचा.

महागाईचं कारण पुढे केलं जातं आणि ते थोडं खरंही आहे. त्या चार वर्षांत अमेरिकेतला ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे १९ टक्क्यांनी वाढला. त्या हिशेबाने ३९,९०० चे साधारण ४७,६०० होतात आणि ४९,९०० चे ५९,५०० च्या आसपास. उरलेले तेरा हजार आणि वीस हजार डॉलर महागाईच्या खात्यात टाकता येत नाहीत. सर्वांत महाग प्रकारात तर किंमत ३०,००० ने वाढली आणि रेंज १८० मैलांनी घटली.

त्यात संकेतस्थळावर ठळक अक्षरात दिसणारी किंमत वेगळीच होती: ४९,८९०, ६८,८९० आणि ९६,३९०. पहिल्या दोन आकड्यांत ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत आणि ३,६०० डॉलरची पेट्रोलची अंदाजित बचत आधीच वजा केलेली होती. तिसऱ्यात फक्त पेट्रोल. पेट्रोलची बचत ही कुठल्याही शोरूममध्ये स्वीकारली जाणारी रक्कम नाही, ती तीन वर्षांत सावकाश जमणारी गोष्ट आहे. करसवलतीला पिकअपसाठी ८०,००० डॉलरची कमाल किंमत होती. दोन मोटरची गाडी ७९,९९० ला बसवलेली दिसते ती उगीच नव्हे. पण सुरुवातीच्या गाड्या फाउंडेशन सिरीज म्हणून २०,००० डॉलर जास्त घेऊन विकल्या गेल्या, म्हणजे दोन मोटरची गाडी प्रत्यक्षात ९९,९९० ला. ती सवलतीच्या मर्यादेबाहेर. ज्यांनी ठळक आकडा पाहून मनात मांडे खाल्ले, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष फरक ३१,००० डॉलरचा निघाला.

रेंज कुठे गेली

हा भाग गणिताचा आहे, आणि लाँच पाहता पाहता पाठकोऱ्या कागदावर करण्यासारखा.

गाडीची बॅटरी सुमारे १२३ किलोवॅट-तासांची. ३४० मैलांनी भागलं की मैलाला ०.३६ किलोवॅट-तास खर्च येतो, म्हणजे किलोमीटरला सुमारे २२५ वॅट-तास. तीन टन वजनाच्या, सपाट नाकाच्या पिकअपसाठी हा खर्च वाईट नाही, उलट चांगलाच म्हणायचा. आता हाच खर्च धरून ५०० मैल हवे असतील तर बॅटरी १८० किलोवॅट-तासांच्या घरात लागते. म्हणजे ५८ किलोवॅट-तास जास्त. पॅकच्या पातळीवर किलोमागे १५० ते १७० वॅट-तास धरले तर हे ३४० ते ३९० किलोचं ओझं.

ते ओझं येतं कुठून? पेलोडमधून. गाडीचं कमाल एकूण वजन टायर, अ‍ॅक्सल आणि ब्रेक ठरवतात. गाडीचं स्वतःचं वजन त्यातून वजा केलं की उरतं ते माणसं आणि मालाचं. बॅटरीत घातलेला प्रत्येक किलो हौद्यातून काढलेला असतो. हा सापळा साऱ्याच इलेक्ट्रिक पिकअपना आहे. म्हणून ५०० मैल, १४,००० पौंड आणि ३,५०० पौंड पेलोड हे तीन आकडे ७०,००० डॉलरच्या आत एकाच तक्त्यात दिसले, तेव्हा २०१९ लाच शंका यायला हवी होती. यातले दोन मिळतात, तिसऱ्याची किंमत मोजावी लागते.

टेस्लाने यावर काढलेला तोडगा होता हौद्यात बसवायची जादा बॅटरी. किंमत १६,००० डॉलर, दोन मोटरच्या गाडीची रेंज तिच्यासह ४७० मैल. फरक १३० मैलांचा, म्हणजे वरच्या हिशेबाने ४७ किलोवॅट-तास. ती हौद्याची एक तृतीयांश जागा खाणार आणि सर्व्हिस सेंटरवरच बसणार. सहा फुटांच्या हौद्यातून दोन फूट गेले तर उरलेल्याला पिकअपचा हौदा म्हणायचं की मोठी डिकी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पुढे तिची रेंज आधी ४४५ मैलांवर आणली गेली आणि मे २०२५ मध्ये हा पर्यायच रद्द होऊन लोकांची अनामत परत झाली. लाँचच्या दिवशी मात्र ४७० हा आकडा गाडीच्या तपशिलात इतर आकड्यांच्या रांगेतच बसलेला होता. तक्त्यात काय गाडीबरोबर मिळतं आणि काय ‘नंतर येणार’, याच्यामध्ये पेन्सिलने रेघ ओढायची ती यासाठी.

टायरचाही हिशेब आहे. ३४० हा आकडा साध्या ऑल-सीझन टायरवरचा. सुरुवातीच्या गाड्या ज्या ऑल-टेरेन टायरवर आल्या, त्यांवर दोन मोटरची रेंज ३१८ मैल होती. नुसत्या टायरने साडेसहा टक्के. जाड खाचांचा टायर रस्त्यावर जास्त दबतो-उलगडतो, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. मंचावर उभ्या गाडीला कोणते टायर आहेत आणि तळटिपेत कोणते, हे नेहमी ताडून पाहावं.

पोर्शेची शर्यत

दावा असा होता की सायबरट्रक मागे एक ९११ ओढत, दुसऱ्या ९११ ला पाव मैलाच्या शर्यतीत हरवतो. व्हिडिओ पाहून बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर जाणकारांनी रस्त्यावरच्या खुणा आणि फ्रेम मोजून दाखवलं की व्हिडिओतली अंतिम रेषा पाव मैलावर, म्हणजे ४०२ मीटरवर नाही, तर त्याच्या निम्म्यावर, २०१ मीटरवर आहे.

फरक किरकोळ वाटतो, पण निकाल त्यावरच फिरतो. सुटतानाच्या क्षणी इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देते, चारही चाकं ढकलतात आणि गिअर बदलायला वेळ जात नाही. पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये जी आघाडी मिळते ती यातून. वेग वाढला की खेळ टॉर्कचा राहत नाही, शक्ती आणि वजनाच्या गुणोत्तराचा आणि हवेच्या अडथळ्याचा होतो. हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. तीन टनांची गाडी, तिच्यामागे ट्रेलर, त्यावर दीड टनाची पोर्शे, असं एकूण ओझं दुसऱ्या निम्म्यात भरभर आघाडी गमावतं. म्हणून शर्यत कुठे थांबवली हे विचारायचं. हेच ०-६०, म्हणजे शून्यापासून ताशी ६० मैल वेग गाठण्याच्या, आकड्यांना लागू. सायबरबीस्टचे २.६ सेकंद सुरुवातीचा सुमारे एक फूट वगळून मोजलेले आहेत. ही पद्धत अमेरिकेत रूढ आहे, लबाडी नाही, पण दुसऱ्या गाडीचा आकडा त्याच पद्धतीने घेतलाय का हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

जे दाखवलं नाही ते: ट्रेलर

पिकअप घेणाऱ्याला शर्यत लावायची नसते, ट्रेलर ओढायचा असतो. कार्यक्रमात जड ओझं थोड्या अंतरावर ओढून दाखवलं, त्यात फोर्ड आणि रिव्हियन या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गाड्या मागे पडल्या. त्या चाचणीत दिसते पकड आणि टॉर्क. रोजच्या कामात प्रश्न येतो अंतराचा.

हिशेब पाहा. तीन टनांचा, चौकोनी, उंच कॅम्पर ट्रेलर, वेग ताशी १०५ किलोमीटर. ट्रेलरच्या चाकांचा घर्षणखर्च, गुणांक ०.००८ धरला तर, किलोमीटरला सुमारे ६५ वॅट-तास. हवेचा जादा अडथळा दीड चौरस मीटर धरला तर त्याचा खर्च किलोमीटरला २१० वॅट-तासांच्या आसपास. गाडीचे स्वतःचे २२५. बेरीज ५००. म्हणजे १२३ किलोवॅट-तासांत २४६ किलोमीटर. आणि प्रवासात आपण बॅटरी १० ते ८० टक्के एवढीच वापरतो, कारण वरचे २० टक्के भरायला वेळ फार लागतो आणि खालचे १० कोणी मुद्दाम संपवत नाही. मग दोन चार्जिंगमधलं अंतर उरतं १७० किलोमीटर. दीड तासाहून थोडं जास्त गाडी चालवायची आणि थांबायचं.

बेरजेत वजनाचा वाटा हवेपेक्षा कितीतरी कमी आहे. म्हणून ११,००० पौंड हा मथळ्यातला आकडा रेंजबद्दल काहीच सांगत नाही. त्याच वजनाची सपाट बोट ओढली तर रेंज बरी राहते, हलका पण उंच खोका ओढला तर कोसळते. ट्रेलर घेतलाच असेल तर वेग १०५ वरून ९० वर आणा. हवेचा खर्च वेगाच्या वर्गाने घटतो, तिथे पाव हिस्सा वाचतो. त्याहून स्वस्त उपाय नाही.

शिवाय थांबल्यावर काय? बहुतेक सुपरचार्जर, म्हणजे टेस्लाचे वेगवान चार्जर, गाडी मागे घेऊन लावायच्या जागेत आहेत, केबल आखूड, आणि सायबरट्रकचं चार्जिंगचं तोंड डाव्या मागच्या चाकाजवळ. ट्रेलर सोडायचा, बाजूला लावायचा, गाडी चार्ज करायची, परत जोडायचा. प्रत्येक थांब्याला पंधरा-वीस मिनिटं यातच जातात. लाँचमध्ये चार्जिंगचा फक्त कमाल किलोवॅटचा आकडा येतो. २५० किलोवॅट ही संख्या काही मिनिटांपुरती असते, बॅटरी भरत गेली तसा वेग उतरतो. विचारायचं ते एवढंच: १० ते ८० टक्क्यांना किती मिनिटं, आणि कुठल्या व्होल्टेजच्या चार्जरवर. सायबरट्रकची बॅटरी ८०० व्होल्टच्या वर्गातली आहे. ४०० व्होल्टच्या चार्जरवर ती स्वतःचे दोन भाग करून घेते, ही चांगली सोय. पण पूर्ण ताकद जादा व्होल्टेजच्या चार्जरवरच कळते आणि लाँचच्या वेळी तसे सुपरचार्जर नव्हते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी अनुभवी ट्रेलरवाल्यांनाच सुचते. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर खाली दाबतो आणि तो पेलोडमध्ये मोजला जातो. ११,००० पौंडांच्या ट्रेलरचे १,१०० पौंड गेले की २,५०० तून १,४०० उरतात. त्यात पाच मोठी माणसं, सामान, आणि ती जादा बॅटरी आली असती तर तीही.

पत्रा

स्टेनलेस स्टीलमुळे गाडी वर्षभर नजरेत राहिली आणि त्याच स्टीलने ती अडकवली. हा पत्रा इतका कडक की नेहमीच्या प्रेसमध्ये खोल आकार घेत नाही. म्हणून सगळे पृष्ठभाग सपाट आणि घड्या सरळ. कडक पत्रा वाकवला की थोडा परत उलगडतो, आणि पत्र्याच्या प्रत्येक गुंडाळीची ताकद किंचित वेगळी असल्याने उलगडणंही वेगळं. रंगवलेल्या, गोलसर गाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला जाणवत नाही. सरळ चकचकीत कडांमध्ये तो लांबून दिसतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या ईमेलमध्ये सुट्या भागांची अचूकता १० मायक्रॉनच्या आत हवी असं म्हटलं होतं. छोट्या यंत्रभागासाठी हे शक्य आहे. मोठ्या पॅनेलसाठी साधं उष्णतेचं प्रसरण पाहा. स्टेनलेस स्टील दर अंशाला मीटरमागे १७ मायक्रॉनच्या आसपास वाढतं. एक मीटरचा पत्रा सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात गेला आणि तापमान ३० अंशांनी चढलं तर त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरने, म्हणजे ५०० मायक्रॉनने बदलते. १० मायक्रॉन कुठे आणि ५०० कुठे! त्यामुळे जोडणी अशी हवी की पत्र्याला हलायला जागा राहील, आणि तो सुटणारही नाही. हेच जमवणं अवघड होतं. १८ ऑक्टोबर २०२३ च्या तिमाही निकालांच्या बैठकीत मस्क स्वतःच म्हणाले होते की सायबरट्रकच्या बाबतीत आपण आपली कबर आपणच खणली. लाँचच्या सहा आठवडे आधीच ही कबुली आलेली होती. ज्यांनी ती ऐकली, त्यांना ३० नोव्हेंबरला धक्का कमी बसला असावा.

पुढच्या रिकॉलमध्ये हे सगळं कागदावर उतरलं. एप्रिल २०२४ मध्ये ३,८७८ गाड्या परत बोलावल्या, कारण अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलवरची धातूची पट्टी सरकून वरच्या आवरणात अडकत होती. पट्टी बसवताना सहज सरकावी म्हणून जोडणीच्या वेळी साबण वापरला गेला होता, ती मंजूर प्रक्रिया नव्हती. साबणाचा अंश मागे राहिला, पकड गेली. उपाय म्हणून पट्टी रिव्हेटने पक्की केली. रेखाटनात अचूक असलेला भाग जोडणीच्या ओळीवर एका सोयीसाठी कसा बिघडतो, याचं याहून नेमकं उदाहरण सापडणार नाही. मार्च २०२५ मध्ये मोठा रिकॉल आला: छताच्या कडेने जाणारी स्टेनलेसची लांब पट्टी सुटून पडू शकते. ती चिकटवलेली होती आणि तो डिंक हवामानाने ठिसूळ होत होता. नव्या जोडणीत पत्र्याला स्टड वेल्ड करून नटने आवळलं.

या दुसऱ्या रिकॉलमध्ये ४६,०९६ गाड्या होत्या, नोव्हेंबर २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत बनलेल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच. टेस्ला या गाडीचे विक्रीचे आकडे वेगळे देत नाही. त्यामुळे खरा आकडा रिकॉलच्या कागदातून कळला. दहा लाखांहून जास्त बुकिंग सांगितली जात होती आणि २०२५ मध्ये वर्षाला अडीच लाख गाड्यांचं लक्ष्य. शंभर डॉलर परत मिळणारे असतील तर बुकिंग ही मागणी नसते, ती उत्सुकतेची पावती असते. लाँचच्या दिवशी हीच रक्कम २५० केली गेली, तरी स्वरूप तेच.

बरं, चांगलं काहीच नव्हतं असं नाही. या गाडीतली ४८ व्होल्टची विद्युतप्रणाली ही गेल्या कित्येक वर्षांतली महत्त्वाची पायरी आहे. १,२०० वॅटच्या एखाद्या मोटरला १२ व्होल्टवर १०० अँपिअर लागतात, ४८ वर २५. प्रवाह चौथाई, त्याच तारेत उष्णतेचा अपव्यय सोळावा हिस्सा, म्हणून तार बारीक आणि हलकी करता येते. सुकाणू आणि चाकांमध्ये यांत्रिक दांडा नाही, सगळं संदेशांवर. मागची चाकंही वळतात, त्यामुळे ५.७ मीटर लांबीची गाडी अरुंद जागेत आश्चर्य वाटावं इतकी सहज फिरते. हौद्यातल्या सॉकेटवरून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज मिळते, बांधकामावर करवत, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन चालवण्याइतकी. कामाच्या माणसाला हे दहा मिनिटं नीट दाखवलं असतं तर कार्यक्रमाची छाप वेगळी पडली असती. पण गोळ्या आणि पोर्शेपुढे ते झाकोळून गेलं.

दुसऱ्यांचं सारं आलबेल होतं असंही नाही. फोर्डने मे २०२१ मध्ये एफ-१५० लाइटनिंग अगदी शिस्तीत दाखवली, किंमत मंचावर सांगितली: कामाच्या साध्या प्रकाराची ३९,९७४ डॉलर. मार्च २०२३ पर्यंत तोच प्रकार ५९,९७४ ला गेला होता. रिव्हियनने १ मार्च २०२२ ला आधी बुकिंग केलेल्यांनाही वाढीव किंमत लावली आणि ओरड झाल्यावर दोन दिवसांत मागे घेतली. तेव्हा सांगितलेली किंमतही टिकेलच असं नाही. न सांगितलेली तर नक्कीच वाढलेली असते.

मग बुकिंग करायचं का

परत मिळणारी छोटी रक्कम असेल तर खुशाल करा, रांगेत जागा राहते. पण गाडीचं नियोजन तिच्यावर बांधू नका. जुनी गाडी विकू नका, कर्जाची तयारी करू नका. ‘पुढच्या वर्षी येणारा’ स्वस्त प्रकार नाहीच असं समजून हिशेब करा. ६०,९९० ची सायबरट्रक कधी आली नाही. तिच्या जागी एप्रिल २०२५ मध्ये आली ती ६९,९९० ची, हवेच्या सस्पेन्शनशिवाय आणि हौद्यातल्या सॉकेटशिवाय, आणि सप्टेंबरपर्यंत तीही यादीतून गेली. करसवलतीचंही तेच: ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ती उरली नाही. सवलत किंमतीतून वजा करायची ती गाडी हातात येईल त्या तारखेला जो नियम असेल त्याप्रमाणे.

ऑर्डर पक्की करण्याआधी करार पूर्ण वाचा. सायबरट्रकच्या सुरुवातीच्या करारात पहिल्या वर्षात परस्पर विकल्यास ५०,००० डॉलर किंवा विक्रीची रक्कम, यातलं जे जास्त असेल ते मागण्याचं कलम होतं. ते काढलं गेलं आणि पुन्हा आलंही.

घरचं चार्जिंगही आधी मोजा. २४० व्होल्ट, ४८ अँपिअरचा चार्जर ११.५ किलोवॅट देतो. १२३ किलोवॅट-तास भरायला, तोटा धरून, अकरा-बारा तास. सतत चालणाऱ्या भारासाठी सर्किट सव्वापट लागतं, म्हणजे ६० अँपिअरचं. घराच्या पॅनेलमध्ये तेवढी जागा नसेल तर तो खर्च गाडीच्या किंमतीत मिळवा. १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर रिकामी बॅटरी भरायला चार दिवस जातात, त्या भरवशावर पिकअप घेऊ नये. गॅरेजची आतली लांबी ५.७ मीटर आणि वर माणूस फिरायला जागा, एवढी आहे का हेही टेपने मोजून पाहा.

पहिल्या वर्षातली वापरलेली सायबरट्रक घेत असाल तर १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळखक्रमांक, अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून कोणते रिकॉल बाकी आहेत ते पाहा. मग गाडीपाशी जा. अ‍ॅक्सिलरेटरच्या पट्टीवर रिव्हेट दिसतं का पाहा आणि पट्टी अंगठ्याने वर ढकलून बघा, ती तसूभरही सरकता कामा नये. त्यानंतर पुढच्या काचेच्या खांबापासून मागपर्यंत छताच्या कडेची स्टेनलेस पट्टी हाताने दाबत जा. कुठे टकटक आवाज आला किंवा कड उचलली गेली तर डिंक सुटलेला आहे. सर्व्हिस सेंटरवर पट्टी बदलून होईपर्यंत ती गाडी महामार्गावर काढू नका.